दुसऱ्या खेपेचं जागरण

पहाटेचे चार वाजून गेले होते. बाळंतशेपा घालून माझं प्यायचं पाणी गॅसवर उकळायला ठेवलं होतं आणि ते होईपर्यंत धाकटीला पाजून घ्यावं म्हणून मी सोफ्यावर टेकले. त्यानंतरचं आठवतं ते एकदम थोरल्याच्या आवाजापासून. चार वर्षांचा तो डोळे चोळत समोर उभा होता आणि म्हणत होता, ‘‘आई, जळका वास येतोय.’’ पातेल्यातलं पाणी केव्हाच आटलं होतं, शेपांचा कोळसा झाला होता. पण खरी धडकी भरली ती नंतर. सहा आठवड्यांची धाकटी माझ्या हातातून घसरून माझी कूस आणि सोफ्याची पाठ यांच्या फटीत गेली होती. तिचं तोंड गादीच्या बाजूला होतं. मी तिला ओढून उचललं, ती जोरात रडली, आणि त्या रडण्यानं मला रडू फुटलं.

माझी आई चारच दिवसांपूर्वी गावी परतली होती. सव्वा महिना झाला होता, तिकडे बाबा एकटे होते, आणि तिचे गुडघेही कुरकुरायला लागले होते. नवऱ्याची रजा त्याच्याही आधी संपली होती. सकाळी धाकटीला न्हाऊ घालायला मावशी आल्या तेव्हा त्यांना रात्रीचा प्रकार सांगितला. त्या म्हणाल्या, ‘‘दुसरी खेप ना ताई तुमची? मग जागरणाची सवय असते की आता.’’

मावशींच्या हाताखालून कितीतरी बाळं गेली आहेत. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, धीर देणं होतं. आणि खरं सांगायचं तर बाळंतपणाआधी मीही स्वतःला हेच सांगत होते. आईपणात जागरण तर पाचवीलाच पुजलेलं. पहिल्या वेळी निभावलं, या वेळी तर सराव आहे. त्या पहाटेनंतर मात्र एक प्रश्न डोक्यातून जाईना. न झोपण्याची सवय माणसाला खरंच लागते का?

अनुभवाचा फायदा असतोच

आधी अनुभवाच्या बाजूनं बोलायला हवं, कारण त्याचा उपयोग होतो. नवजात बाळ झोपेत कण्हतं, तोंड वाकडं करतं, हातपाय झाडतं. थोरल्याच्या वेळी अशा प्रत्येक आवाजाला मी उठून दिवा लावत असे आणि त्या गडबडीत झोपलेलं पोर खरंच जागं होत असे. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप ही अशीच ‘सक्रिय’ झोप असते. मोठ्यांच्या स्वप्नावस्थेशी तिचं नातं आहे. तिच्यात हालचाल होते, आवाज येतात, पण बाळ झोपलेलंच असतं. मिनिटभर हात न लावता थांबलं, तर ते अनेकदा आपलं आपण शांत होतं. हे दुसऱ्या खेपेच्या आईला सांगावं लागत नाही. भुकेचं रडणं कुठलं, अडकलेल्या ढेकरेचं कुठलं आणि नुसत्या कंटाळ्याचं कुठलं, याचाही अंदाज तिला लवकर येतो.

हा फायदा अभ्यासातही दिसला आहे. जर्मनीत हजारो कुटुंबांची दरवर्षी मुलाखत घेऊन त्यांच्या राहणीमानाची नोंद ठेवली जाते. २००८ ते २०१५ या काळातल्या त्या नोंदींतून साडेचार हजारांहून अधिक आई-वडिलांच्या झोपेचा मागोवा घेणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाच्या जन्मानंतर पहिल्या तीन महिन्यांत झोप सर्वांत खालावते, वडिलांपेक्षा आईची कितीतरी जास्त, हे त्यात अपेक्षेप्रमाणे दिसलंच. शिवाय पहिलटकरणींच्या तुलनेत अनुभवी आयांना हा फटका कमी बसल्याचंही आढळलं.

मावशींचं म्हणणं मग खरंच म्हणायचं? त्याच अभ्यासातला पुढचा निष्कर्ष वाचला आणि मी थबकले. पहिल्या मुलाच्या जन्मानंतर आई-वडिलांची झोप सहा वर्षांपर्यंत पूर्वपदावर आलेली नव्हती. मूल चार ते सहा वर्षांचं झालं तरी आई गरोदरपणापूर्वीच्या मानानं रात्री सुमारे २० मिनिटं आणि वडील सुमारे १५ मिनिटं कमीच झोपत होते. दोन मुलांमध्ये तीन-चार वर्षांचं अंतर असेल, तर दुसरं बाळ घरी येतं तेव्हा पहिल्याची उधारी अजून फिटलेली नसते. घसरण कमी दिसते यामागे अनुभव आहेच, पण आधीच खाली आलेल्या माणसाला आणखी पडायला जागाही कमी उरते, हेही त्यामागे असू शकतं.

सवय होते ती कशाची?

आता मूळ प्रश्न. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ४८ निरोगी प्रौढांवर केलेला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेच्या विज्ञानात त्याचा दाखला आजही दिला जातो. काहींना सलग १४ रात्री झोपेसाठी ८ तास दिले, काहींना ६ तास आणि काहींना फक्त ४ तास. दिवसभर त्यांची एकाग्रता, स्मरण आणि प्रतिसादाचा वेग तपासला जात होता. ४ आणि ६ तासवाल्यांची कामगिरी दिवसागणिक ढासळत गेली. दोन आठवड्यांच्या शेवटी तिची पातळी एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली गेली होती.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. ‘तुम्हाला किती झोप येते आहे?’ असंही त्यांना रोज विचारलं जात होतं. पहिले काही दिवस पेंग वाढल्याचं त्यांनी सांगितलं, मग मात्र ती भावना जवळजवळ स्थिरावली. म्हणजे मेंदू रोज थोडा थोडा मंदावत होता आणि माणूस म्हणत होता, ‘आता जमतंय मला.’

मावशींना अभिप्रेत असलेली सवय ही होती. थकव्याची जाणीव बोथट होते, तूट मात्र साठत राहते. पहिल्या खेपेला आई घाबरलेली असते, म्हणून ती मदत मागते. दुसऱ्या खेपेला तिला स्वतःलाच वाटतं की आपण सावरलो आहोत, आणि घरच्यांनाही तसंच वाटतं. मला त्या पहाटे सोफ्यावर बसताना झोप आल्याचं आठवतसुद्धा नाही. ‘पाच मिनिटांचं काम आहे’ एवढंच मनात होतं.

तास मोजून भागत नाही

‘‘तू तर दिवसभर घरीच असतेस, मिळून सात तास तरी झोप होत असेल ना?’’ हा प्रश्न बाळंतिणीला हमखास ऐकावा लागतो. आकडा कदाचित बरोबरही असतो. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयांच्या मनगटावर हालचाल नोंदवणारं उपकरण बांधून पहिल्या चार महिन्यांतली झोप मोजली गेली. रात्रीची एकूण झोप सरासरी सात तासांच्या थोडी वरच भरली. पण ती तुकड्यातुकड्यांची होती.

प्रौढ माणसाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं. त्यात हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नावस्था असे टप्पे येतात आणि एका रात्रीत अशी चार-पाच आवर्तनं होतात. मध्येच उठवलं की माणूस सोडलेल्या जागेवरून पुढे जात नाही. पुन्हा हलक्या झोपेपासून सुरुवात करावी लागते. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये याची परीक्षा घेतली. तरुणांना एका रात्री आठ तास अंथरुणात राहू दिलं, पण चार वेळा फोन करून उठवलं आणि दर वेळी दहा-पंधरा मिनिटं जागं ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांची मनःस्थिती आणि एकाग्रता जेमतेम चार तास झोपू दिलेल्यांइतकीच खालावलेली होती. ही एका रात्रीची गोष्ट. बाळंतिणीच्या अशा रात्री एकामागून एक येत राहतात.

बाळ असं का वागतं, याला कारण आहे. नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं, पण त्याच्या मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ अजून चालू झालेलं नसतं. अंधार पडल्यावर झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक ठरावीक लयीत तयार व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. पोट लहान, आईचं दूध पचायला हलकं, म्हणून पहिल्या आठवड्यांत चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. यात ना बाळाचा हट्ट आहे, ना आईचं काही चुकतं आहे. दिवसा घरात उजेड आणि वावर ठेवावा, रात्री पाजताना मंद दिवा आणि कमीत कमी बोलणं असावं. त्यानं घड्याळ लागायला थोडा हातभार लागतो. पण काही आठवडे कुणालाच टाळता येत नाहीत.

‘बाळ झोपलं की तूही झोप’

पहिल्या खेपेला हा सल्ला सोन्यासारखा होता. थोरला दुपारी दोन तास झोपायचा, मीही त्याच्या शेजारी आडवी व्हायचे. दुसऱ्या खेपेला बाळ झोपतं तेव्हा बालवाडीतून आलेलं मोठं मूल जागं असतं. त्याला भूक लागलेली असते, गोष्ट हवी असते, आणि ‘ती झोपलीये तर आता तू माझी’ हा त्याचा हिशेब अगदी रास्त असतो.

रात्रीचंही तेच. भावंड आल्यावर मोठी मुलं पुन्हा रात्री उठतात, अंथरूण ओलं करतात, एकटी झोपायला नकार देतात. ही वागणूक सर्रास दिसते आणि बहुधा काही आठवड्यांत निवळते, पण त्या आठवड्यांत आई एका रात्रीत दोन मुलांसाठी उठत असते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते. ती मोडली की ते दिवसभर किरकिरं राहतं आणि त्याचा भारही पुन्हा त्याच आईवर येतो.

आणखी एक फरक आपल्या रीतीतला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत आहे. तिथे बाळंतिणीची खोली, शेकशेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, आणि बाळाला घ्यायला घरभर हात असतात. दुसऱ्या वेळी थोरल्याची शाळा असते, म्हणून बाळंतपण आपल्याच घरी होतं. आई किंवा सासूबाई येतात, पण चार वर्षांनी वाढलेल्या वयानिशी. बाळाविषयीचं ज्ञान वाढलेलं असतं आणि हात कमी झालेले असतात.

सगळे जातात, तेव्हाच रडणं वाढतं

माझी आई गेली आणि चार दिवसांत ती पहाट उजाडली, हा मला योगायोग वाटला होता. नंतर कॅलेंडर समोर ठेवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की यात योगायोग थोडा आहे.

बाळाचं रडणं जन्मापासून वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये आयांकडून रोजच्या रडण्याच्या नोंदी घेऊन हा आलेख मांडला. पुढच्या अभ्यासांतही त्याचं सर्वसाधारण रूप कायम राहिलं. सहावा आठवडा म्हणजे बेचाळिसावा दिवस.

आता मदतीचं वेळापत्रक पाहा. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पितृत्वाची रजा मिळते १५ दिवस. खासगी नोकरीत तशी सक्ती करणारा कायदाच नाही. घरची बाळंतीण सव्वा महिन्यानं ‘मोकळी’ होते, पाहुणी आलेली आई किंवा सासू परत जाते. ग्रामीण भागात आशाताई नवजात बाळाला घरी येऊन पाहतात. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर या सहा भेटी असतात आणि शेवटची असते ४२ व्या दिवशी. त्यानंतरच्या बालसंगोपन कार्यक्रमातली पहिली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. स्त्रीरोगतज्ज्ञांकडची प्रसूतीनंतरची तपासणीही साधारण सहाव्या आठवड्यातच उरकते. म्हणजे घरची रीत, नोकरीचे नियम आणि सरकारी योजना हे सगळे जिथे हात सोडतात, तिथेच बाळाचं रडणं सर्वांत जास्त असतं, त्याचं घड्याळ अजून लागलेलं नसतं आणि आईच्या खात्यात सहा आठवड्यांची तूट साठलेली असते.

सव्वा महिन्याच्या रीतीला मी नावं ठेवत नाही. तेवढे दिवस बाईला अंथरुणावर हक्कानं बसू देणारी ती एकमेव रजा होती. पण ती एकत्र कुटुंबासाठी होती. तिथे सव्वा महिना संपला तरी जावा, नणंदा, आत्या घरातच असत. आजच्या दोन खोल्यांच्या घरात तो संपतो तेव्हा दार लागतं आणि आत दोन मुलांबरोबर एकटी आई उरते.

आणि घरात दुसरा माणूस असला तरी? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांनी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांनी ९७ मिनिटं दिल्याची नोंद आहे. नोकरी करणाऱ्या आईला कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ‘ती रजेवर आहे’ याचा अर्थ अनेक घरांत ‘रात्र तिची’ असाच लावला जातो.

धोका नेमका कुठे आहे

सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन डोळा लागणं हे बाळाच्या झोपेतल्या गुदमरण्याचं आणि अचानक मृत्यूचं मोठं कारण आहे. बालरोगतज्ज्ञांच्या संघटना याबाबत नि:संदिग्ध आहेत. पाजताना पेंग येण्याची शक्यता वाटत असेल, तर सोफ्यापेक्षा उशा-पांघरुणं बाजूला केलेला सपाट पलंग किंवा जमिनीवरची घट्ट गादी कमी धोक्याची. उत्तम म्हणजे बाळ आईच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या वेगळ्या सपाट अंथरुणावर आणि पाठीवर झोपलेलं असावं. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती मोहरीची उशी, मऊ गोधडी, तक्के, खेळणी यांपैकी काहीही बाळाजवळ नको. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा दारू प्यालेल्या माणसाशेजारी बाळाला झोपवूच नये.

दुसरा धोका रस्त्यावरचा. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी होते, असं १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानं दाखवलं. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे दोनला बाळासाठी उठून मग न झोपलेला बाप संध्याकाळी सातला दुचाकीवरून घरी निघतो, तेव्हा त्याचे १७ तास भरलेले असतात. त्या आठवड्यांत शक्यतो बसनं, लोकलनं जावं.

तिसरा धोका दिसत नाही. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये आला. त्यानुसार आपल्याकडे प्रसूतीनंतर सुमारे २२ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्य आढळतं. मोडलेली झोप हे त्याचं एकमेव कारण नाही, पण झोप आणि नैराश्य एकमेकांना खेचत राहतात. थकवा आणि आजार यांतला फरक ओळखायला एक साधी खूण आहे. बाळ झोपलं आहे, कुणीतरी त्याच्याजवळ आहे, संधी आहे, तरीही आईला झोप येत नाही का? दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणं, बाळाविषयी काहीच न वाटणं, ‘माझ्याशिवाय यांचं बरं होईल’ असे विचार येणं, यांतलं काहीही असेल तर थांबू नये. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. झोपेशिवाय राहूनही बाळंतिणीला अचानक भलताच उत्साह वाटू लागला, ती असंबद्ध बोलू लागली, तिला भास होऊ लागले, तर ती तातडीची वैद्यकीय वेळ समजून त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं. घरात आधी कुणाला द्विध्रुवीय आजार झाला असेल तर ते डॉक्टरांना प्रसूतीपूर्वीच सांगावं.

सगळा थकवा झोपेचाच असतो असंही नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. दोन बाळंतपणांत अंतर कमी असेल तर लोहाचा साठा भरून यायला वेळच मिळालेला नसतो. प्रसूतीनंतर सहा महिने लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात. पहिल्या महिन्यात त्या औषधांच्या डब्यात मागे पडतात. धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं.

रात्र वाटून घेणं

उपाय काय, तर आईला रात्री एकदा तरी चार-पाच तासांची सलग झोप मिळेल अशी व्यवस्था करणं. तीन आवर्तनं पुरी होतील एवढी. बाकीची रात्र मग तुकड्यांत गेली तरी माणूस दुसऱ्या दिवशी तग धरतो.

आमच्या घरी त्या पहाटेनंतर रात्रीचे दोन भाग झाले. साडेनऊला पाजून मी आतल्या खोलीत दार लावून झोपायचे. अडीचपर्यंतची रात्र नवऱ्याची: ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फिरणं, थोरला उठला तर त्याला शू करवून पुन्हा झोपवणं. मधल्या एका वेळेसाठी मी दूध काढून ठेवायचे आणि तो ते वाटी-चमच्यानं पाजायचा. अडीचनंतर मी, आणि तो सकाळी साडेसहापर्यंत सलग. पहिल्या दोन रात्री रडण्याच्या आवाजानं मी उठून बाहेर आलेच. तिसऱ्या रात्री त्यानं मला परत पाठवलं. ‘‘ती रडतेय, पण माझ्याजवळ आहे. तू जा,’’ म्हणाला. त्या रात्री मी साडेचार तास झोपले आणि सकाळी उठल्यावर आधी घड्याळच बंद पडलंय असं वाटलं.

दूध काढून ठेवायचं ते स्तनपान नीट बसल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांनंतर. काढलेलं दूध स्वच्छ झाकलेल्या भांड्यात खोलीत चार तासांपर्यंत राहतं, पण आपल्या उन्हाळ्यात ते लगेच फ्रिजमध्ये ठेवलेलं बरं. तिथे चार दिवसांपर्यंत चालतं. हे जमत नसेल तर बाळाला फक्त पाजण्यापुरतं आईजवळ आणावं, बाकी सगळं दुसऱ्यानं करावं. त्यानंही जागं राहण्याचा वेळ निम्म्यावर येतो. ‘डब्याचं दूध दे, रात्रभर झोपेल’ या सल्ल्याला ठोस आधार नाही. स्तनपानामुळे आईची झोप वाढते असं सांगणारे अभ्यास आहेत आणि कमी होते असं सांगणारेही आहेत. निव्वळ झोपेसाठी अंगावरचं दूध तोडू नये.

मोठ्या मुलासाठी एक माणूस ठरलेला असावा आणि शक्यतो बाळ येण्याच्या दोन-तीन महिने आधीपासून. गोष्ट सांगून झोपवणारा बाबा किंवा आजोबा आधीच रुळलेला असेल, तर धाकट्यानं आई हिरावली असं त्याला कमी वाटतं. दुपारी तासभर त्याला कुणीतरी बागेत नेलं, तरी तेवढी एक डुलकी आईच्या पदरात पडते. चहाबद्दलही थोडं. दुपारनंतरचा चहा-कॉफी टाळावी, कारण रात्री मिळालेली संधीही त्यानं वाया जाते; आणि अंगावर पिणाऱ्या लहानग्याच्या शरीरातून कॅफिन निघून जायला मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

ज्या घरात रात्र वाटून घ्यायला दुसरा माणूसच नाही, नवरा परगावी आहे, पाळीवर आहे किंवा बाई एकटी आहे, तिथे दिवसाची झोप वाटून घ्यावी लागते. शेजारच्या काकूंनी सकाळी दोन तास बाळाला घेतलं, तर तो उपकार वाटून घेऊ नये. मागायचा संकोच सोडावा लागतो, आणि मला स्वतःला अनुभवी समजत असल्यामुळे तोच सर्वांत जड गेला.

धाकटी आता सात महिन्यांची आहे. रात्री एकदा उठते, कधी दोनदा. सोफ्यावर बसून तिला पाजायचं मी सोडलं ते सोडलंच. पाच वर्षांचा व्हायला आलेला थोरला मधूनच कुणा पाहुण्याला सांगतो, ‘‘मीच आईला उठवलं होतं.’’ पाहुणे हसतात. आम्ही दोघं हसत नाही.

माझ्या नणंदेचं दुसरं बाळंतपण पुढच्या महिन्यात आहे. बाळंतविड्याला काय आणू, म्हणून तिला विचारलं तर म्हणाली, ‘‘वहिनी, झबली-टोपरी आधीचीच आहेत, काही नको.’’ मी कॅलेंडर काढलं. तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सव्वा महिना तिच्याकडे आहेत. त्यांचा परतीचा दिवस ठरला, तशी त्या दिवसापासूनच्या चार शनिवार-रविवारच्या रात्रींवर मी माझं नाव लिहून टाकलं.